घरच्या काट्यावर क्लासिक ३५० : कराडमधलं एक प्रकरण

रॉयल एनफिल्डच्या माहितीपत्रकात क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो दिलेलं आहे. इंजिनात ऑइल आणि टाकीत नव्वद टक्के पेट्रोल असलेल्या तयार गाडीचं हे वजन. कराडच्या माझ्या मावसभावाने याच गाडीला लेग गार्ड, दोन्ही बाजूंना बॅगांच्या चौकटी, मागे कॅरियर, बॅकरेस्ट आणि इंजिनाखाली संप गार्ड असं बरंच लोखंड चढवलं. मग टाकी काठोकाठ भरून आणली आणि घरातल्या काचेच्या डिजिटल काट्यावर, म्हणजे ज्यावर माणसं वजन बघतात त्यावर, गाडी मोजली. पुढचं चाक ७६ किलो, मागचं ८८. बेरीज १६४. एवढं सामान लावून गाडी कंपनीच्या आकड्यापेक्षा ३१ किलोंनी हलकी!

आकडे मला पाठवून त्याने खाली विचारलं होतं, "दादा, काटा गेला का रे?"

काटा शाबूत होता. पण हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण घरी मोटारसायकल तोलताना होणाऱ्या बहुतेक गफलती या एकाच गाडीच्या बाबतीत एकामागून एक पुढे आल्या. आणि ज्या प्रश्नासाठी त्याने हा खटाटोप केला, त्याचं उत्तर एकूण वजनात नव्हतंच.

त्याची सासुरवाडी चिपळूणची. सणावाराला दोघं कुंभार्ली घाटाने जातात. जाताना सामान बेताचं असतं. येताना मात्र आमसुलं, सुकी मासळी, हंगामात आंबे किंवा फणस. म्हणजे गाडी सर्वांत जड असते तेव्हाच कोकणातून देशावर चढायचं असतं. मागच्या खेपेला चढाच्या वळणांवर हँडल हातात तरंगल्यासारखं वाटलं, असं त्याचं म्हणणं. गॅरेजवाल्याने निदान केलं, "गाडी सव्वादोनशेच्या वर गेलीय, मागचे दोन्ही शॉक बदला." शॉकवर पैसे घालण्याआधी वजन तरी बघू, एवढाच माफक हेतू होता. आरसीवर वजनाचा रकाना असतो खरा, पण तो त्या मॉडेलचा कंपनीने नोंदवलेला आकडा. आपण नंतर काय काय जोडलं ते त्यात येत नाही.

हरवलेलं वजन

त्याने गाडी साइड स्टँडवर ठेवूनच एकेक चाक काट्यावर घेतलं होतं. स्टँडवर कललेली गाडी तीन ठिकाणी टेकलेली असते: दोन चाकं आणि तो लोखंडी पाय. गाडी कलली की तिचा गुरुत्वमध्य त्या पायाच्या बाजूला सरकतो आणि पाय बराच भार उचलतो. नंतर नीट मोजल्यावर हिशेब लागला, तेव्हा या पायाने एकट्याने पंचेचाळीस किलोंच्या आसपास भार पेलला होता असं निघालं. काट्याला तो दिसणं शक्यच नव्हतं. मेन स्टँड तर त्याहून निरुपयोगी, कारण त्यावर मागचं चाक अधांतरी असतं आणि गाडीचा बहुतांश भार स्टँडच वाहतो.

एकेका चाकाखालचं वजन मोजून बेरीज करण्यामागचा आधार साधा आहे. कावड दोघांच्या खांद्यावर असली तर दोघांच्या खांद्यांवरचा भार मिळून कावडीचं वजन होतं, मधलं ओझं कोणाच्या जवळ आहे याने बेरीज बदलत नाही. अट इतकीच की तिसऱ्या कोणी हात लावता कामा नये. गाडीच्या बाबतीत तो तिसरा म्हणजे स्टँड, आणि स्टँड काढला की गाडी धरणारा माणूस.

माणसाचं काय करायचं, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. अगदी सरळ उभी असलेली गाडी तोलायला फार जोर लागत नाही. दोन्ही बाजूंनी एकेक तळहात आडवा टेकवला तरी पुरतो. पण जड गाडी धरायची म्हटल्यावर माणूस नकळत हँडलवर भार टाकतो किंवा मागचा दांडा वर उचलतो, आणि दोन-चार किलो इकडचे तिकडे होतात. म्हणून आम्ही हँडल सोडून दिलं. सीटच्या दोन्ही बाजूंना एकेकाने उघडा तळहात ठेवायचा, बोटांनी पकडायचं नाही. पकड नसली की वर उचलणं आणि खाली दाबणं दोन्ही जवळजवळ बंद होतं. गाडी न्यूट्रलमध्ये, ब्रेक सुटे. ब्रेक दाबून ठेवले तर दोन चाकं काटा आणि फरशी यांना आडवी रेटत राहतात, आणि घरगुती काट्याच्या चार कोपऱ्यांतल्या, भार जोखणाऱ्या सेलना आडवा रेटा अजिबात मानवत नाही.

काचेवर थेट टायर चढवू नये, हे वेगळं सांगायला नको. माणसाची दोन पावलं आणि टायरचा अरुंद टेकू यांत खूप फरक आहे. आम्ही काट्याएवढा बारा मिलिमीटरचा प्लायवुडचा तुकडा वर ठेवला. तो ठेवून काटा चालू केला तर शून्य दाखवतो का, हे आधी पाहायचं. दाखवत नसेल तर प्लायचं वजन वजा करायचं.

एवढं करून सरळ उभ्या गाडीचं पुढचं चाक भरलं ९७.६ किलो, मागचं ११०.४. बेरीज २०८.०. आता गाडी शुद्धीवर आली होती.

सदतीस मिलिमीटरचा खेळ

तरीही या २०८ मध्ये एक बारीक खोट होती, आणि ती खोट वर-खाली होऊन आपोआप मिटणारी नव्हती. काटा पंचवीस मिलिमीटर जाड, वर बारा मिलिमीटर प्लाय. म्हणजे मोजायचं चाक दुसऱ्यापेक्षा ३७ मिलिमीटर उंच. पुढचं चाक उचललं की गाडी किंचित मागे झुकते आणि थोडा भार मागच्या चाकावर जातो. पुढचा आकडा कमी येतो. मागचं उचललं की उलट, मग मागचा आकडा कमी येतो. दोन्ही वेळा चूक एकाच दिशेची, म्हणून बेरजेत ती दुप्पट होऊन बसते.

किती? क्लासिकच्या दोन चाकांच्या आसांमधलं अंतर १३९० मिलिमीटर. रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्य आसांच्या रेषेपेक्षा साधारण २०० मिलिमीटर वर धरला, तर एका चाकाला सुमारे आठशे ग्रॅम, दोन्ही मिळून दीड किलोपेक्षा थोडं जास्त. इथे जमिनीपासूनची उंची न घेता आसापासूनची घ्यायची, कारण चाकं मोकळी फिरतात आणि टायरचा टेकू नेहमी आसाच्या बरोबर खालीच राहतो. दीड किलो म्हणजे फार नाही, असं कोणी म्हणेल. गाडीवर माणसं बसली की गुरुत्वमध्य चांगलाच वर जातो आणि हीच चूक तिपटीच्या पुढे जाऊ शकते. आणि ती टाळायला लागतं काय, तर दुसऱ्या चाकाखाली तेवढ्याच जाडीच्या फळ्या. भावाने जुन्या शोकेसच्या फळ्या रचल्या आणि मोजपट्टीने ३७ मिलिमीटर जुळवले.

आता पुढे ९८.४, मागे १११.२. एकूण २०९.६ किलो.

याच खोटीचा उपयोगही करून घेता येतो. पुढचं चाक मुद्दाम तीसेक सेंटिमीटर उचलून मागच्या चाकाखाली किती वजन वाढलं ते पाहिलं, तर उलट गणिताने गुरुत्वमध्याची उंची काढता येते. रेसच्या गाड्या जुळवणारे हे करतात. भावाच्या अंगणात ते करायची गरज नव्हती, आणि फळ्यांवर तीस सेंटिमीटर उंच उभी केलेली दोनशे किलोंची गाडी मला तरी बघवली नसती.

काट्याची परीक्षा

२०९.६ वर विश्वास ठेवायचा तर आधी काट्यावर ठेवायला हवा. स्वस्त डिजिटल काट्यांची एक लबाडी असते. मागचं वजन ते लक्षात ठेवतात, आणि नवं वजन त्याच्या अगदी जवळ आलं तर जुनाच आकडा पुन्हा दाखवतात. माणसाला बरं वाटतं, "बघा, प्रत्येक वेळी तेवढंच!" म्हणून दोन मापांच्या मध्ये दुसरंच काहीतरी मोजायचं. आम्ही पाण्याची बादली ठेवत होतो.

खरं-खोटं करायला घरात एक ठरीव वजन असतं, स्वयंपाकाच्या गॅसचा सीलबंद सिलिंडर. त्यात गॅस १४.२ किलो, आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन वरच्या कड्याजवळ कोरलेलं असतं. भावाकडच्या सिलिंडरवर १५.६ होतं, म्हणजे एकूण २९.८. भरणीत शे-दीडशे ग्रॅमचा फरक चालतो, आपल्या कामाला तो नगण्य. पण नुसता सिलिंडर ठेवून काटा तीस किलोंपाशी बरोबर आहे एवढंच कळतं. आपल्याला तो शंभर किलोंच्या आसपास कसा वागतो ते हवं होतं. म्हणून भाऊ आधी एकटा उभा राहिला: ७३.६. मग सिलिंडर कवेत घेऊन: १०३.२. फरक २९.६. दोनशे ग्रॅमची तूट. मला हा उपाय फार आवडतो. वेगळी वजनं लागत नाहीत, आणि जिथे मोजायचं आहे नेमक्या त्याच टप्प्यात काटा तपासला जातो.

बाहेरची एक खातरजमाही झाली. ओळखीच्या एका गूळ व्यापाऱ्याकडे मोठा प्लॅटफॉर्म काटा आहे, वैध मापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेला, दोनशे ग्रॅमचे टप्पे दाखवणारा. पूर्ण गाडी एकदाच वर चढवली, तळहात तसेच दोन्ही बाजूंना. २१०.४ किलो. घरच्या आकड्यात आणि यात आठशे ग्रॅमचा फरक. काही भाग आमच्या काट्याच्या तुटीचा, काही टायर बरोबर मध्यावर न येण्याचा. चाकांखाली फळ्या रचून काढलेलं माप अर्ध्या टक्क्याच्या आत बसतंय म्हटल्यावर त्याहून मागे लागण्यात अर्थ नव्हता. तुमच्या गावात गूळ व्यापारी नसेल तर भंगारवाला, पशुखाद्याचं दुकान किंवा कांद्याची वखार चालेल.

ट्रकचा वजनकाटा मात्र नको. कराडच्या आसपास साखर कारखान्यांमुळे असे काटे मुबलक आहेत, आणि भावाच्या डोक्यात सुरुवातीला तेच होतं. पण उसाच्या ट्रॉल्या तोलणारा मोठा काटा १० किंवा २० किलोंच्या टप्प्यांत वजन दाखवतो. तिथे क्लासिक २०० भरेल, २१० भरेल किंवा २२० भरेल, आणि तिन्ही वेळा काटा नियमाने बरोबरच असेल.

टायरमधली हवा आणि टायर टेकलेल्या जागेचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार करून वजन काढायची युक्तीही बरेच जण सांगतात. हवा तीस पौंड म्हणजे चौरस सेंटिमीटरला २.१ किलो, टायरला खडूची भुकटी लावून कागदावर ठसा घ्यायचा आणि चौकोन मोजायचे. शाळेच्या प्रदर्शनात शोभेल. पण ठशाची कड कुठे संपते हे दहा जण दहा प्रकारे ठरवतील, शिवाय टायरची जाड भिंत स्वतःही थोडा भार पेलते. दहा-पंधरा टक्के चूक सहज, म्हणजे आपल्या गाडीत वीस-तीस किलो.

तर रिकामी गाडी २१० किलो. माहितीपत्रकातला आकडा नव्वद टक्के टाकीचा आहे. १३ लिटरच्या टाकीचे उरलेले १.३ लिटर आम्ही भरले होते, त्यांचा एक किलो धरला (पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या थोडं अलीकडे-पलीकडे भरतं). म्हणजे लोखंड चौदा किलोंच्या आसपास. गॅरेजवाल्याचे सव्वादोनशे काही निघाले नाहीत.

दोघं बसल्यावर

खरी मोजणी इथून पुढे. घाटात गाडी एकटी चढत नाही. भाऊ ७४ किलो, त्याची बायको ५८, बाजूच्या दोन बॅगांत सात-सात किलो, आणि मागच्या कॅरियरवर बांधलेली बॅग १२ किलो. गाडीचे घरचे २०९.६ धरून सगळं मिळून ३६७.६.

पुढचं चाक काट्यावर घेणं शक्य होतं. मागच्या चाकाखाली सव्वादोनशेच्या वर येणार हे उघड होतं, आणि काट्याची कमाल १८० किलो. इथे जाड सागवानी फळी कामाला आली. फळीखाली एका टोकाला काट्यावर पाइपाचा तुकडा, दुसऱ्या टोकाला तेवढ्याच उंचीवर तसाच दुसरा, मध्ये बरोबर एक मीटर. चाक फळीच्या मध्यावर. काट्याला चाकाचा निम्मा भार आणि फळीचं निम्मं वजन जाणवतं. पुढच्या चाकाखाली तितकीच उंची रचली. दोघं पाय फूटरेस्टवर घेऊन बसली, दोन्ही बाजूंना धरायला शेजारची दोन धट्टीकट्टी माणसं. हा प्रकार एकट्या-दुकट्याने करू नये, आणि गाडी भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवावी, म्हणजे कललीच तर आडवी पडत नाही.

काट्यावर ११८.९ आले. फळी ९.२ किलोंची, तिचे निम्मे ४.६ वजा केले आणि दुप्पट केली: २२८.६. पुढचं चाक, थेट काट्यावर, १३५.६. बेरीज ३६४.२. सुट्या वजनांच्या बेरजेपेक्षा ३.४ किलो कमी.

भाऊ हिरमुसला, पण हा फरक कुठून आला असेल ते सहज सांगता येतं. फळीच्या मध्यापासून चाक एक सेंटिमीटर जरी सरकलं, तरी दुप्पट केलेल्या आकड्यात दोन टक्के फरक पडतो, म्हणजे इथे साडेचार किलो. टायरचा टेकूच बोटभर लांब असतो, त्याचा मध्य सात-आठ मिलिमीटर चुकणं ही चूकही म्हणता येणार नाही. शिवाय धरणारे दोघं. या पद्धतीत प्रत्येक चूक दुप्पट होऊन बाहेर येते, त्यामुळे एकूण वजन माहीत असेल तर ती फक्त वाटणीसाठी वापरावी. आम्ही थेट मापलेल्या पुढच्या चाकाचा आकडा धरला, मागच्याला एकुणातून वजा करून मिळालेला: पुढे १३५.६, मागे २३२.

वाटणीतच घाटाचं उत्तर होतं. रिकाम्या गाडीत पुढच्या चाकावर ४७ टक्के भार होता. दोघं आणि सामान चढल्यावर तो ३७ टक्क्यांवर आला. मागच्या कॅरियरची बॅग मागच्या आसाच्याही पंचवीस सेंटिमीटर मागे लोंबत होती, म्हणजे ती १२ किलोंची बॅग मागच्या चाकावर चौदा किलो टाकत होती आणि पुढचं चाक दोन किलो वर उचलत होती. त्यात चढ. शंभर मीटरला आठ मीटर चढ धरला आणि भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर धरला, तर आणखी चौदा-पंधरा किलो पुढून मागे जातात. पुढच्या चाकाखाली उरतात १२० च्या आसपास, एकूण भाराच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. वळणात गॅस दिला की तेही कमी होतात.

शॉक बदलून या वाटणीत काही फरक पडला नसता. मागची स्प्रिंग कडक केली तर गाडीचं बूड थोडं कमी बसेल, गाडीची बसण्याची ढब सुधारेल, पण बॅग आहे तिथेच राहील.

भावाने कॅरियरवरची बॅग काढून तीच वजनदार आमसुलं आणि डबे टाकीवरच्या चुंबकी बॅगेत घेतले. टाकी मागच्या आसापासून सत्तर सेंटिमीटर पुढे, म्हणजे १२ किलोंपैकी निम्मे पुढच्या चाकावर आणि वर उचललेले दोन किलो परत मिळाले. मोजल्यावर पुढचं चाक १४३.५ आलं, हिशेबाने जवळजवळ तेवढंच यायला हवं होतं. टाकीवर बारा किलोंची बॅग घेऊन हँडल पूर्ण वळतं का, हे उभ्या गाडीवर आधी पाहून घ्यावं लागतं. त्याची बॅग उजवीकडे अडकत होती, मग दोन डबे बाजूच्या बॅगेत गेले. हलकी पण मोठी वस्तू, म्हणजे चादरी आणि फणसपोळीची पाकिटं, मागच्या कॅरियरवर.

एक गोष्ट त्याला चिपळूणहून निघायच्या आदल्या रात्री फोनवर सांगितली. हे सगळे आकडे भरलेल्या टाकीचे आहेत. तेरा लिटर पेट्रोल म्हणजे साडेनऊ-दहा किलो, आणि त्यातलं निम्मं पुढच्या चाकावर. रिझर्व्हवर गाडी घेऊन घाटाला लागला तर पुढून पाचेक किलो आधीच गेलेले असणार. तेव्हा टाकी चिपळूणला भरायची, कराडला पोचून नाही.